चावीवाला

आमच्या नावड्यात पाणी धरणातून येत नाही, चावीतून येतं. रस्त्याच्या कडेला एक लोखंडी झाकण, त्याखाली गढूळ पाण्याने अर्धा भरलेला खड्डा आणि त्या खड्ड्यात एक व्हॉल्व्ह. पहाटे एक माणूस मोटरसायकलवरून येतो. मागच्या सीटला टी आकाराचा लांबलचक लोखंडी गज आडवा बांधलेला असतो. हीच ती चावी. तो झाकण सरकवतो, गज आत सोडतो, वेढे देतो आणि निघून जातो. वेढे चार दिले की साडेतीन, यावर तिसऱ्या मजल्याला आंघोळ आहे की नाही ते ठरतं. त्याचा पगार किती, तो कायम आहे की कंत्राटी, कुणालाच ठाऊक नाही. पण दिवाळीच्या मिठाईचा पहिला पुडा सेक्रेटरी त्याच्याच डिकीत ठेवतात. चेअरमनचा नंबर नंतर.

गेल्या मंगळवारी चावी फिरली नाही. कारण विचारलं तर पहिल्या दिवशी ‘पाइप फुटला’, दुसऱ्या दिवशी ‘प्रेशर नाही’, तिसऱ्या दिवशी ‘वरून ऑर्डर आहे’. वरून म्हणजे कुठून, हे विचारायची पद्धत नाही. बंद केलं, असं मात्र कुणीच म्हणालं नाही. पाणी बंद कधी केलं जात नाही, ते होतं.

चौथ्या दिवशी टँकर आला. त्याच्या पोटावर एक हसरा चेहरा, हात जोडलेले, खाली ‘यांच्या सौजन्याने’. टँकर दहा हजार लिटरचा, आमच्या सदनिका ८४. सेक्रेटरींनी मोबाइलवर भागाकार केला: घरटी ११९ लिटर. त्यातले घरटी चार-पाच लिटर फोटो निघेपर्यंत पाइपातून रस्त्यावर गेले, कारण चेहरा स्वतः यायचा होता आणि तो वाशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. चेहऱ्याने एका आजींच्या हंड्यात पाणी ओतलं. आजींना पाणी तळमजल्यावरच भरून मिळालं होतं. फोटोसाठी तो हंडा आधी रिकामा करून घेतला.

त्याच रात्री टीव्हीवर क्युबा होता. हवानात अंधार, रस्त्यावर चुली, आणि कुठल्या देशाने किती तेल पाठवलं याचा हिशेब. तळोज्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी काका हळहळले. ‘एवढासा देश हो, आणि सगळे मिळून त्याला छळतात. पण बघा, मदत करणारेही असतात जगात.’

मी म्हटलं, ‘काका, फोटो कुणाचा आहे टँकरवर?’

*

क्युबाची गोष्ट खरोखर नावड्याच्या टँकरसारखी आहे, फक्त समुद्र जास्त. १९६० साली फिडेल कॅस्ट्रोंनी सोव्हिएत संघाकडून कच्चं तेल घेतलं. बेटावरच्या रिफायनऱ्या अमेरिकी आणि ब्रिटिश कंपन्यांच्या. त्या म्हणाल्या, हे तेल आम्ही शुद्ध करणार नाही. कॅस्ट्रोंनी रिफायनऱ्याच ताब्यात घेतल्या. अमेरिकेने साखर घेणं थांबवलं आणि फेब्रुवारी १९६२मध्ये केनेडींनी व्यापार जवळजवळ पूर्ण बंद केला. तो आजवर सुरळीत बंद आहे. सरकारी खात्यातली कुठलीच गोष्ट इतकी वर्षं अखंड चाललेली नसेल.

मग सोव्हिएत टँकर आला. साखर द्या, तेल घ्या. एवढ्यावर भागेना तेव्हा हुरागुआ इथे अणुवीज केंद्राचं काम काढलं, १९८३ साली. १९९१मध्ये टँकरवाल्याचंच दुकान बसलं आणि १९९२मध्ये केंद्राचं काम थांबलं ते थांबलंच. एक वॅट वीज न देता तो घुमट कॅरिबियन समुद्राकडे बघत उभा आहे. कोकणातल्या माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. दाभोळला बंद वीजकेंद्राच्या चिमणीकडे बघत त्याने बरीच वर्षं काढली आहेत.

पुढे क्युबाने चीनकडून दहा लाखांहून जास्त सायकली घेतल्या. मग २००० साली व्हेनेझुएलाचे चावेझ आले: रोज ५३ हजार बॅरल तेल, बदल्यात क्युबाचे डॉक्टर. डॉक्टर देऊन डिझेल घेणारा जगातला हा पहिलाच सौदा असावा. आपल्याकडे एखाद्या तालुक्याने करायचा म्हटलं तर द्यायला डॉक्टर नाही. व्हेनेझुएलाची खळगी रिकामी झाली तशी क्युबाची चूल विझत गेली. अंधार वाढला तेव्हा तुर्कस्तानातली एक कंपनी जहाजावर बसवलेलं वीजकेंद्र भाड्याने द्यायला घेऊन किनाऱ्याला लागली. भाडं थकलं की जहाज नांगर उचलायला मोकळं. १८ ऑक्टोबर २०२४ला एक जुनं वीजकेंद्र बंद पडलं आणि आख्ख्या देशाची वीज एकदम गेली. आता चीन सौर पॅनेल घेऊन उभा आहे.

भारताचंही योगदान आहे. दरवर्षी संयुक्त राष्ट्रांत हे निर्बंध उठवा असा ठराव येतो आणि आपण न चुकता हात वर करतो. २०२४मध्ये बाजूने १८७, विरुद्ध दोन. ते दोन म्हणजे अमेरिका आणि इस्रायल. १८७ हात वर आणि चावी त्या उरलेल्या दोनांतल्या एकाच्या खिशात. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही ठराव असेच एकमताने मंजूर होतात. आणि हो, १९९२ साली सुरजीत यांच्या मार्क्सवादी पक्षाने इथल्या शेतकऱ्यांकडून गहू गोळा केला, दहा हजार टन. नरसिंह राव सरकारने तितकाच आणखी दिला, आणि कोलकात्याहून तो पक्षाच्या नावाने हवानाला गेला. त्याच्यावर बॅनर होताच, पण पाव झाल्यावर बॅनर निघून जातो. तेलाचं तसं होत नाही. ते दर महिन्याला पुन्हा मागावं लागतं.

*

आता काकांचा ‘एवढासा देश’. आमचा वॉचमन नेपाळचा आहे. सगळे त्याला बहादूर म्हणतात. खरं नाव मेंटेनन्सच्या वहीत आहे आणि ती वही कपाटात आहे. २०१५च्या दसऱ्याला तो गावी गेला तेव्हा पनवेलच्या बाजारातून एक इंडक्शनची शेगडी घेऊन गेला होता. मी विचारलं, दसऱ्याला लोक कपडे नेतात, तू शेगडी? तो म्हणाला, ‘साब, उधर गॅस बंद है. आधा सिलिंडर मिलता है. आधा.’ आणि दोन्ही हातांनी सिलिंडरच्या उंचीचा अर्धा भाग दाखवला. नेपाळ ऑइल कॉर्पोरेशन त्या वेळी खरंच अर्धाच भरलेला सिलिंडर वाटत होतं.

गॅस कुणी बंद केला? एप्रिलमध्ये भूकंप झाला होता. २० सप्टेंबरला नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. तराईतल्या मधेशींना ती पटली नाही, दिल्लीलाही पटली नाही. मग सीमेवर रक्सौलला ट्रक थांबले. नेपाळचं सगळं पेट्रोल, डिझेल, गॅस तेव्हा इंडियन ऑइलकडून जायचं, आणि त्यातलं बरंचसं याच वाटेने. दिल्लीचं म्हणणं: आम्ही काहीही बंद केलेलं नाही. पलीकडे आंदोलन आहे, ट्रकवाले घाबरतात. म्हणजे प्रेशर नाही. साडेचार महिने प्रेशर नव्हतं.

मग टँकर आला, हिमालयावरून. चीनने एक हजार टन पेट्रोल फुकट दिलं, सुमारे तेरा लाख लिटर. देशाला दोन-चार दिवसांत संपेल इतकं. पण केरुंगच्या घाटातून उतरणाऱ्या त्या गाड्यांचे फोटो काठमांडूतल्या पेपरांनी पहिल्या पानावर लावले आणि त्यांचा परिणाम तेलापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकला. घरटी ११९ लिटर हा आकडा फोटोतून दिसत नाही, हे टँकरवाल्यांना सगळीकडे माहीत असतं.

‘मग शेगडी चालली?’ मी विचारलं.

‘लाइट भी नहीं था ना, साब.’

तेव्हा नेपाळात दिवसाचे निम्मे तास भारनियमन. गॅस भारताच्या चावीत आणि वीज नदीत, पण नदीवर धरण बांधायला पैसे नव्हते. शेगडी पुढच्या वर्षी त्याच्या भावाच्या लग्नात आहेर म्हणून गेली.

आपल्याला हे पटत नाही, कारण बंद करणाऱ्याच्या बाजूने बघितलं की ते बंद दिसतच नाही. १९८९मध्येही आपण नेपाळच्या सीमेवरची दोन सोडून बाकी सगळी नाकी बंद केली होती. करार संपला होता, आणि नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली होती. पहिलं कारण सांगायचं, दुसरं खरं. चावीवाल्यांचं ‘पाइप फुटला’ आणि ‘वरून ऑर्डर’ यात अंतर असतं, ते इतकंच.

नंतर आपण दिलदारपणे मोतिहारी ते अमलेखगंज ६९ किलोमीटरची पाइपलाइन टाकून दिली. १० सप्टेंबर २०१९ला दोन्ही पंतप्रधानांनी दोन शहरांतून एकाच वेळी बटण दाबलं. दक्षिण आशियातली दोन देशांमधली पहिली तेलवाहिनी. खर्च आपला, इंधन आपलं, ट्रकवाल्यांच्या भीतीचा प्रश्नच मिटला. व्हॉल्व्ह मोतिहारीच्या बाजूला आहे, हे सांगायची गरज नसावी.

आता नेपाळकडे पावसाळ्यात वीज उरते आणि ती आपण विकत घेतो. मात्र ज्या प्रकल्पात चिनी भागीदारी आहे, त्याची वीज नको. विजेला वास नसतो, रंग नसतो, पण तिला बापाचं नाव लागतं हा शोध आपला. बांगलादेशाला ४० मेगावॉट विकायचे म्हटले तरी ते आपल्याच तारांवरून जातात. नोव्हेंबर २०२४मध्ये आपण परवानगी दिली, पहिल्या खेपेला एका दिवसापुरती. चार वेढे नाहीत, अर्धा.

*

काकांना हे आवडलं नाही. आपला देश आणि तो क्युबाचा छळ करणारा देश एका ओळीत? मी म्हटलं, काका, तुम्ही बोईसरला कधी गेलात का? नावडे रोडवरून वसईकडे जाणारी गाडी पकडली की पुढे तीच लाइन डहाणूपर्यंत जाते. बोईसरला उतरायचं आणि समुद्राच्या दिशेने जायचं. तिथे एक जुनी इमारत आहे. आपणही एकदा हंडा घेऊन रांगेत उभे होतो, त्याचा तो पुरावा आहे.

तारापूर. ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिकेशी करार झाला. त्या काळी अमेरिका आपल्याला गहूही देत होती, त्यामुळे वीज देणं ओघानेच आलं. २१० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या जनरल इलेक्ट्रिकने बांधायच्या. सुमारे आठ कोटी डॉलरचं कर्ज अमेरिकी मदत खात्याने द्यायचं, व्याज पाऊण टक्का, मुदत ४० वर्षं. एवढं स्वस्त कर्ज सख्खा भाऊही देत नाही. अट एकच, बारीक अक्षरात: या भट्ट्यांत जे समृद्ध युरेनियम लागतं ते ३० वर्षं फक्त अमेरिकेकडूनच घ्यायचं.

आपल्या होमी भाभांना हा धोका दिसत नव्हता असं नाही. त्यांचा मूळ बेत वेगळा होता: साधं, न समृद्ध केलेलं युरेनियम आणि जड पाणी, म्हणजे घरचं इंधन. तारापूर हा जलद मार्ग होता. वीज लवकर हवी होती आणि अणुवीज परवडते हे दाखवायचं होतं. ऑक्टोबर १९६९मध्ये वीज सुरू झाली, १९ जानेवारी १९७०ला इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केलं. महाराष्ट्र आणि गुजरातने वीज वाटून घेतली. गाडी छान चालली होती.

१८ मे १९७४ला पोखरणला जमीन हलली. आपण म्हणालो, शांततेसाठी स्फोट केला. शांततेसाठी स्फोट ही कल्पना जगाला पटली नाही. कॅनडाने राजस्थानच्या अणुकेंद्राची मदत तिथल्या तिथे थांबवली, तर १९७६मध्ये सोव्हिएत संघाचं जड पाणी आलं. एक चावीवाला बंद करतो, दुसरा गज घेऊन येतो. व्हॉल्व्ह मात्र त्या लोखंडी झाकणाखालीच राहतो.

अमेरिकेने तारापूरला लगेच बंद केलं नाही. प्रेशर कमी केलं. फॉर्म भरा, आश्वासन द्या, तपासणी होऊ द्या, सगळ्याच अणुकेंद्रांची होऊ द्या. १९७८च्या जानेवारीत अध्यक्ष कार्टर दिल्लीला आले. मोरारजी देसाईंशी बोलणं झालं आणि माइक चालूच राहिला. अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांना कार्टर जे म्हणाले ते सगळ्या जगाने ऐकलं: परत गेल्यावर यांना एक थंड आणि अगदी परखड पत्र पाठवायला हवं. दुसऱ्या दिवशी कार्टर हरियाणातल्या एका खेड्यात गेले, कारण त्यांची आई पूर्वी भारतात सेवेसाठी राहिलेली. गावकऱ्यांनी हार घातले आणि गावाचं नाव बदलून कार्टरपुरी ठेवलं. पाणी बंद करणाऱ्याच्या नावाने चौक करायची आपली परंपरा किती जुनी आहे, ते यावरून कळावं.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला: जो देश आपली सगळी केंद्रं तपासणीला खुली करत नाही, त्याला अणुइंधन नाही. हा कायदा जुन्या करारालाही लागू. म्हणजे सोसायटीने ठराव करायचा की मागच्या वर्षी दिलेला पार्किंगचा नंबर मागच्या वर्षीपासूनच रद्द. १९८०मध्ये ३८ टन इंधनाचा प्रश्न आला. त्यांच्याच अणुनियामक आयोगाने नाही म्हटलं, कार्टरांनी हो म्हटलं, खालच्या सभागृहाने नाही म्हटलं आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी ते जेमतेम सुटलं. मुंबईतल्या पंख्यांचं भवितव्य दोन अमेरिकी सिनेटरांच्या बोटावर होतं आणि त्या दोघांपैकी कुणी बोईसर नकाशात दाखवू शकला असता, असं मला वाटत नाही.

आता हिशेब करा. कर्ज ४० वर्षांचं. इंधनाचं वचन ३० वर्षांचं. वचन टिकलं अकरा-बारा वर्षं.

१९८२च्या जुलैत इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या आणि रेगन यांच्याशी एक सुरेख तोडगा निघाला. अमेरिका इंधन देणार नाही, कारण तिचा कायदा. पण फ्रान्सने दिलं तर अमेरिकेची हरकत नाही. टँकरचं कंत्राट बदललं. फ्रान्सने १९९३पर्यंत, म्हणजे मूळ कराराची मुदत संपेपर्यंत, दिलं. मग म्हणाला, आता मलाही सगळी केंद्रं दाखवा. १९९५मध्ये कोण आलं? चीन. ज्याच्या भीतीने आपण बॉम्बचा विचार केला, त्याच्याच युरेनियमवर तारापूरचे दिवे लागले. २००१मध्ये रशियाने इंधन पाठवलं, अमेरिका चिडली. २००६मध्ये रशियाने पुन्हा पाठवलं, अमेरिका पुन्हा चिडली, पण आता थोडी कमी, कारण तोपर्यंत तिलाच आपल्याला अणुभट्ट्या विकायच्या होत्या. सप्टेंबर २००८मध्ये अणुपुरवठादार देशांनी आपल्याला सवलत दिली. जवळजवळ चाळीस वर्षांत एका व्हॉल्व्हवर चार देशांचे गज फिरून गेले.

मधल्या काळात आपले शास्त्रज्ञ हात जोडून बसले नव्हते, हे लिहिलंच पाहिजे. वापरलेल्या इंधनातून निघणारं प्लुटोनियम मिसळून घरचं इंधन बनवलं आणि १९९४मध्ये ते तारापूरच्या भट्टीत घालूनही पाहिलं. कुणी टँकर आणत नसेल तर बोअर मारून पाहावी, तसं. अमेरिकी इंधनातून प्लुटोनियम काढायला मात्र अमेरिकेची परवानगी हवी, आणि ती मिळेना. इंधन तुम्ही देणार नाही, जुनं परत नेणार नाही, आम्हाला हात लावू देणार नाही. मग ते करायचं काय? टाकीत ठेवायचं. टाकी भरली की दुसरी बांधायची. मदत संपल्यावर रिकामा हंडा तरी आपल्याकडे राहतो, असा माझा समज होता. इथे भरलेला राहिला आणि त्याला हात लावायचा नाही.

मग तारापूरलाच तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या बांधल्या, ५४० मेगावॉटच्या, आपल्या, घरच्या युरेनियमवर चालणाऱ्या. २००५ आणि २००६मध्ये सुरू झाल्या. यांची चावी कुणा परक्याच्या खिशात नाही. अभिमानाची गोष्ट आहे, लिहितो. पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. मासे मारणारी, शेत करणारी माणसं पुनर्वसनाच्या वसाहतीत गेली आणि घर, जमीन, नोकरी यांसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली. चावी वॉशिंग्टनहून मुंबईला आली, हे बरं झालं. पोफरणपर्यंत ती अजून पोचायची आहे.

*

निर्बंध लावण्याचा आपला अनुभव नेपाळपेक्षाही जुना आहे आणि तोही घराजवळचा. १५ ऑगस्ट १९५५ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी पत्रादेवीजवळ गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारताने गोव्याची रेल्वे थांबवली, सीमा बंद केली. कारण न्याय्य होतं, यात वाद नाही. पण बंदीचा उपयोग किती झाला? पोर्तुगीजांनी बटाटे हॉलंडहून आणले, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. लोहखनिज मार्मगोव्यातून जपानला जात राहिलं, त्यात उलट भरभराट झाली. सावंतवाडी-बेळगावकडे विदेशी घड्याळं आणि दारू चोरवाटेने उतरायची. म्हणजे बंदी गोव्यावर आणि चैन कोकणात. शेवटी डिसेंबर १९६१मध्ये सैन्य गेलं आणि दोन दिवसांत काम संपलं. सहा वर्षं व्हॉल्व्ह बंद ठेवून जे झालं नाही, ते. पण त्या सहा वर्षांत बटाटे पाठवणाऱ्या हॉलंडचा फोटो गोव्यात कुणी लावल्याचं ऐकिवात नाही. हॉलंडने पैसे घेतले आणि बटाटे दिले. मला हा व्यवहार फार सभ्य वाटतो.

*

तर काका, एवढासा देश म्हणजे काय ते सांगा. नकाशावरचा आकार धरायचा तर १९८०चा भारत एवढासा नव्हता. सुमारे अडुसष्ट कोटी लोक, आणि दोन सिनेटरांवर जीव टांगलेला. नेपाळ एवढासा आहे, पण वरच्या बाजूला चीन उभा आहे हे त्याला कळलं त्या दिवशी थोडा मोठा झाला. ज्याच्या पाण्याचा गज दुसऱ्याच्या मोटरसायकलला बांधलेला आहे, तो एवढासा. या हिशेबाने आमची ८४ सदनिकांची सोसायटीही एक एवढासा देशच आहे. ध्वज नाही, पण ठराव आहेत.

सोसायटीत शुक्रवारी तातडीची सभा झाली. पहिला प्रस्ताव: आपली बोअर मारू. घरची चावी. शेजारी तळोजा एमआयडीसी, खालून कासाडी नदी वाहते आणि २०१७च्या ऑगस्टमध्ये याच भागातले कुत्रे निळे झाल्याचे फोटो जगभर गेले होते. त्यामुळे बोअरच्या पाण्याने आंघोळ करून कोण कुठल्या रंगाचा होईल यावर वीस मिनिटं चर्चा झाली आणि प्रस्ताव बारगळला. दुसरा प्रस्ताव: चेहऱ्याचे आभार मानणारा बॅनर गेटवर लावू, म्हणजे पुढचा टँकरही येईल. मंजूर, एकमताने. मी हात वर केला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझं घर चौथ्या मजल्यावर आहे.

सभेला गावातले एक आगरी आजोबा आले होते. त्यांच्या भावकीची जमीन कॉलनीत गेली, त्यावर आता बिल्डिंगी आहेत, आणि गावातल्या त्यांच्या जुन्या घरालाही पाणी याच पाइपातून येतं. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. उठताना म्हणाले, ‘जमीन आमची, पायप त्यांचा, न चावी तिसऱ्याची. आता फोटू चौथ्याचा लावा.’

सभा चालू असतानाच वीज गेली. वॉचमन टॉर्च घेऊन वर आला. मी विचारलं, तुझ्या गावात आता लोडशेडिंग असतं का रे? तो म्हणाला, ‘नहीं साब, उधर तो अब चौबीस घंटा है.’ आणि जिन्यावर उजेड धरून उभा राहिला.

शनिवारी दुपारी तीनला टँकर येणार आहे, असा मेसेज आहे. बादल्या अडीचलाच खाली आणा आणि जरा धीर धरा. फोटो निघाल्याशिवाय नळी सोडणार नाहीत.